बोचकं उचलण्याआधी

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही वाचनालयाच्या मागची खोली उघडतो. एक टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा माठ आणि भिंतीवर कॅलेंडर. बस्स, एवढंच आमचं ऑफिस! मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझ्याबरोबर पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत आणि दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या एक वकीलबाई. लालबाग-परळच्या चाळींतली भांडणं कोर्टात किंवा पोलीस चौकीत जाण्याआधी आमच्याकडे आली, तर ती ऐकून घ्यायची, एवढंच आमचं काम. पैसे घेत नाही. निकालही देत नाही.

२०१८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. (नावं सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सत्तरी ओलांडलेल्या एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात लुगड्याचं बोचकं, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. बसा म्हटलं तर बसेनात. शेवटी चहा पुढे केला तेव्हा म्हणाल्या, 'बाई, धाकटा म्हणतो थोरल्याकडे जा. थोरला म्हणतो, आधी माझा हिस्सा दे म्हणावं, मग आईला पाठव. मी आता कुठल्या गाडीत बसू?'

प्रश्न गाडीचा नव्हता, खोलीचा होता. चाळीतली एकशे ऐंशी फुटांची खोली. नवरा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांतलाच तो एक. गिरणी गेली, पुढे नवराही गेला. खोली तेवढी राहिली. तिथे आजी, धाकटा मुलगा, सून आणि दोन नातवंडं राहत होती. थोरला लग्नानंतर बदलापूरला गेलेला. भाडेपावती अजून वडिलांच्याच नावावर. वर्षानुवर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बिल्डरचा माणूस येऊन सांगून गेला, 'करारावर एकच नाव पाहिजे. घरात ठरवा आणि सांगा.' त्या दिवसापासून घरात चूल धड पेटेना.

पाचामुखी परमेश्वर

अशा वेळी आपल्याकडे तिऱ्हाइताला बसवण्याची पद्धत जुनीच आहे. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात इथल्या पंचायतींची दखल घ्यावीच लागली. अलीकडचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीला कायद्याचं बळ मिळालं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तर वस्तीतल्या आणि कुटुंबांमधल्या तंट्यांसाठी समुदाय मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरणच आहे. तीन मध्यस्थांनी बसावं, असं तो कायदा म्हणतो. आम्हीही तिघंच. त्याचं आम्हाला उगीच बरं वाटतं!

पण जुन्या पंचायतीची सावलीही विसरून चालत नाही. वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतींनी किती घरं उद्ध्वस्त केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यापायी २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणून आमच्या खोलीत पहिला नियम असा, की इथे कुणी पंच नाही. कुणाला दंड नाही, शिक्षा नाही. ज्याला उठून जायचं असेल त्याने केव्हाही उठून जावं. ठरवायचं ते भांडणाऱ्यांनीच. आम्ही फक्त एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवून धरतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा!

कायदा एकीकडे, घर दुसरीकडे

पहिल्या बैठकीला दोघे भाऊ आले. धाकटा हातात फाईल घेऊन, थोरला हाताची घडी घालून. वकीलबाईंनी कायदा समजावून सांगितला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं. कुणाकडे, यावर एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे एकमताची संधी कायद्यानेच आधी ठेवली आहे. थोरला बदलापूरला होता, त्यामुळे त्याची बाजू लंगडी होती.

धाकट्याचा चेहरा उजळला. 'म्हणजे खोली माझीच की!'

'तुमची आई कुठे राहत होती तेव्हा?' वकीलबाईंनी विचारलं. 'तिचाही तेवढाच हक्क आहे.'

धाकटा गप्प झाला. थोरला मात्र ताडकन उठला, 'मला तुमचा कायदा नको,' म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं.

महिनाभर काहीच हाललं नाही. आजी तेवढ्या दिवसांत बहिणीच्या घरी, लेकीच्या सासरी, असं करत फिरत होत्या. घर सुटणं म्हणतात ते हेच. रस्त्यावर माणूस एकदम येत नाही. आधी आठ दिवस या नातेवाइकाकडे, मग चार दिवस त्या, मग देवळातला ओटा. प्रत्येक पायरीवर एक दार बंद होत जातं आणि शेवटी दार उरतच नाही.

मग आम्ही एकेकाशी वेगळं बोलायचं ठरवलं. पोस्टातले गृहस्थ बदलापूरला गेले. तिथे थोरल्याने जे सांगितलं ते हिश्श्याबद्दल नव्हतंच. संप लागला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळा सोडून हॉटेलात कपबशा विसळायला लागला. त्या पैशांवर घर चाललं, पुढे धाकट्याची आयटीआयची फी गेली. 'माझं कुणी नावही काढलं नाही. बिल्डर आला तर मला शेजाऱ्याकडून कळलं. भावाने साधा फोन केला नाही.' पन्नाशीचा माणूस हे सांगताना रडला, असं आमचे गृहस्थ म्हणाले.

इकडे मी सुनेशी बोलले. आतापर्यंत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे तिलाच दोष देत होते, की हिनेच सासूला बाहेर काढलं. ती म्हणाली, 'बाई, माझं नाव कुठल्याच कागदावर नाही. आज आईंना जा म्हणाले, उद्या मला म्हणतील. पोरांना घेऊन मी कुठे जाऊ?' तिला सांगितलं, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, नाव असो वा नसो, बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मग आईंचंच नाव लावा ना पावतीवर.'

सगळ्या गुंत्याची गाठ तिने सोडवली.

एक पानी कागद

तिसऱ्या बैठकीला चौघंही आली. आम्ही थोरल्याला आधी बोलायला लावलं आणि धाकट्याला अट घातली, की मध्ये अक्षर बोलायचं नाही. कपबशांची गोष्ट धाकट्याने तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ऐकली. तो सहा वर्षांचा होता संपाच्या वेळी. त्याला दादा रात्री पाव घेऊन येतो, एवढंच आठवत होतं. मिठ्याबिठ्या काही मारल्या नाहीत त्यांनी. पण धाकटा म्हणाला, 'दादा, फीचं मला माहीत नव्हतं.' पुढचं बोलणं मग आकड्यांवर आलं. आकड्यांवर आलं की मला हायसं वाटतं. अपमानाला हप्ते पाडता येत नाहीत, पैशाला पाडता येतात.

ठरलं ते असं. भाडेपावती आजींच्या नावावर करायची आणि नव्या घराच्या करारातही त्यांचंच नाव. त्या हयात असेपर्यंत त्यांना त्या घरातून कुणी हलवायचं नाही. धाकट्याचं कुटुंब त्यांच्यासोबत राहील. थोरल्याने खोलीवरचा दावा सोडायचा आणि धाकट्याने त्याला महिना पाच हजार असे साठ हप्ते, म्हणजे तीन लाख द्यायचे. बांधकाम चालू असताना मिळणारं भाडं आजींच्या खात्यात जमा होईल आणि त्यातून जवळच खोली घ्यायची, म्हणजे नातवंडांची शाळा बदलायला नको. मे महिन्यात आजी बदलापूरला.

कागद साध्या मराठीत लिहिला, मोठ्याने वाचला आणि सहीसाठी पंधरा दिवसांचा अवधी दिला. रागात केलेली सही जशी टिकत नाही, तशी गहिवरून केलेलीही टिकत नाही, हा आमचा अनुभव. पुढे वकीलबाईंनी तो समझोता लोकअदालतीपुढे नेला. दावा दाखल होण्याआधीचे वादही तिथे नेता येतात. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. नुसत्या चांगुलपणावर म्हाताऱ्या माणसाचं छप्पर टांगून ठेवू नये.

वाचकांपैकी जे ज्येष्ठ आहेत त्यांना इथे एक सांगते. प्रेमापोटी बक्षीसपत्र करण्याची घाई करू नका. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. तशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. त्याच कायद्यात पोटगीचा अर्ज सुनावणीआधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोयही आहे. आणि सुनेला घराबाहेर काढण्यासाठी सासू-सासऱ्यांना पुढे करून या कायद्याचा वापर करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. एकाचं छप्पर राखायला दुसऱ्याचं काढायचं नसतं.

मालकाचीही चूल

भांडण घरातलंच असतं असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत एका शिंप्याचं पाच महिन्यांचं भाडं थकलं. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मालकांना भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं होतं, पण तीन महिने उलटून गेले होते. 'मालकीणबाई सामान बाहेर टाकणार' म्हणून तो धावत आला. आम्ही मनात मालकिणीचं एक चित्र रंगवून बसलो. आली ती एक विधवा, त्या भाड्यावरच जगणारी. तिची औषधं थांबली होती! दोघांना समोरासमोर बसवलं, तेव्हा दोघंही एकाच बोटीत आहेत हे दोघांना कळलं. अनामतीतून दोन महिने वळते केले, उरलेल्या तिघांचे हप्ते पाडले, आणि शिंप्याने तिच्या दोन खोल्यांचे पडदे शिवून दिले. पडद्यांचं कलम आमचं नव्हे, त्यांचंच.

एक चूक

सगळंच असं गोड होत नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलीला आम्ही समजावून सासरी परत पाठवलं. नवऱ्याने आमच्यापुढे हात जोडून माफी मागितली होती. तिसऱ्याच रात्री त्याने तिला मारून दाराबाहेर काढलं. रात्रभर ती स्टेशनच्या बाकावर बसून होती. तडजोड दोन बरोबरीच्या माणसांत होते. एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल तर ती तडजोड नसते, मुकाट्याने सोसणं असतं. हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं, त्या मुलीच्या पाठीवरून नव्हे. तेव्हापासून मारहाण आहे असं कळलं, की आम्ही मध्यस्थी करत नाही. सरळ पोलीस, संरक्षण अधिकारी आणि वकील. ती मुलगी आज स्वतःच्या पायावर उभी आहे. पण तिला रस्त्यात पाहिलं की माझीच मान खाली जाते.

आजींचं विचाराल, तर भाऊ अजूनही फारसे बोलत नाहीत. २०२० मध्ये धाकट्याचे पाच हप्ते चुकले, तेव्हा थोरला तणतणत आमच्याकडे आला. आला हे महत्त्वाचं. कोर्टात गेला नाही. नव्या तारखा लिहून दिल्या आणि शेवटचा हप्ता २०२४ मध्ये फिटला. हप्त्यांची वही थोरला आमच्याकडे ठेवून गेला आहे. 'घरी ठेवली तर पुन्हा पुन्हा काढून बघेन,' म्हणाला.

गेल्या संक्रांतीला आजी तिळगूळ द्यायला आल्या. सुनेचा हात धरून जिना चढल्या. मी चहा विचारला. 'आज नको बाई,' म्हणाल्या, 'घरी पोरं वाट बघतायत.'

'घरी' हा शब्द त्या किती सहज बोलून गेल्या. तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीत एखादी म्हातारी हल्ली वरचेवर लेकीकडे राहायला जाताना दिसते का? एखाद्या घरातून रात्रीचे आवाज वाढलेत का? बोचकं बांधलं जाण्याआधीच दार वाजवा. आत गेल्यावर काही शहाणपण सांगू नका. खुर्ची ओढून बसा आणि ऐका.