चिलखत किती जड असावे?

सापशिडीत ९८ च्या घरात साप गिळतो, सोंगटी खाली घसरते आणि पुढच्या दानाला निमूटपणे पुन्हा चढू लागते. तिच्याबद्दल कुणी हळहळत नाही, कारण सोंगटीला नाव नसते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण १९७१ च्या सुमारास मित्रांना जमवून जो खेळ खेळू लागला, त्यात मात्र प्रत्येक सोंगटीला नाव होते. ब्लॅकमूर नावाचा एक काल्पनिक मुलूख, आणि त्यात प्रत्येक खेळाडूचा एकच माणूस. त्याचे बरेवाईट, त्याची कमाई, त्याचे वैरी, सारे त्या खेळाडूच्या डोक्यात. लढाईची वेळ आली की ही मंडळी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’ या पुस्तिकेचे नियम वापरीत. ते नियम फौजांसाठी होते. एका दानात माणूस जगे, नाहीतर मरे. फौजेतला एक गडी पडला तर काय बिघडते? पण इथे पडणारा गडी एकुलता एक होता, आणि खेळाडूंना ते सोसवेना.

आर्नेसन यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, यावर तोड त्यांना समुद्री युद्धाच्या एका खेळात सापडली. चिलखती जहाज एका गोळ्याने बुडत नाही. पत्रा किती जाड आहे आणि जहाज किती मार खाऊ शकते, याचे हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात. तेच त्यांनी माणसांना लावले. वार लागू नये म्हणून ‘आर्मर क्लास’, आणि लागलाच तर सोसायला ‘हिट पॉइंट’. १९७४ मध्ये आर्नेसन व गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाजारात आला, तेव्हा या दोन गोष्टी त्याच्या मुळाशी होत्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या १०००. आज त्याची मुलेबाळे-नातवंडे जगभर खेळली जातात.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरला नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर हा मिळून गोष्ट रचण्याचा खेळ आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकतात. जादूगार, चोर, जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू अशी नाना पात्रे घेता येतात. पण नवख्या मुलाला किंवा मुलीला जाणते खेळाडू बहुधा ‘फायटर’, म्हणजे लढवय्या घ्यायला सुचवतात. मंत्रांच्या याद्या पाठ करायला नकोत, तलवार उचलायची आणि पुढे व्हायचे. मग पहिलाच प्रश्न येतो तो हा, की अंगावर काय चढवायचे आणि हातात काय धरायचे?

२०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीचे आकडे घेऊ. (२०२४ मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या, पण ढाल-चिलखताचे हे आकडे तेच राहिले.) कड्यांचे चिलखत घातले की आर्मर क्लास १६. ढाल घेतली की त्यात २ ची भर, म्हणजे १८. बचावाची खास तालीम घेतली तर आणखी १. समोर खेळातला सर्वांत परिचित शत्रू, गॉब्लिन नावाचा खुजा, कपटी दरोडेखोर, उभा आहे असे धरू. तो वीस बाजूंचा फासा टाकतो, आलेल्या आकड्यात ४ मिळवतो, आणि बेरीज आपल्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त झाली तर त्याचा वार लागतो. १६ असताना वीसपैकी नऊ आकडे त्याच्या कामाचे, १८ असताना सात, १९ असताना सहाच.

इथे एक गंमत आहे आणि ती मुलांच्या फार लवकर ध्यानात येते. चामड्याचे पातळ चिलखत घातलेल्या सुस्त गड्याचा आर्मर क्लास ११ असेल, तर गॉब्लिनचे चौदा आकडे चालतात. त्याने एक अंक वाढवला तर तेरा उरतात. मार घटला चौदाव्या हिश्श्याने. पण १८ वाल्याने तोच एक अंक वाढवला तर साताचे सहा होतात. मार घटला सातव्या हिश्श्याने. पैशाकडे पैसा जातो तसा हा प्रकार. जो आधीच झाकलेला आहे त्यालाच पुढचा पत्रा जास्त उपयोगी पडतो. म्हणून नवखा खेळाडू एकदा या वाटेला लागला की थांबत नाही. आणखी जाड, आणखी जड! पूर्ण पोलादी चिलखताकडे त्याचे डोळे लागतात. त्याची किंमत १५०० सुवर्णमुद्रा, आणि नवख्या लढवय्याचे भांडवल सरासरी १२५. तेव्हा ते स्वप्न तूर्त स्वप्नच राहते.

पण ढाल तर हाताशी आहे. ती घ्यावी की नाही? ढाल घेतली की एक हात अडकला. उरलेल्या हातात साधी तलवार, आठ बाजूंच्या एका फाशाएवढा मार करणारी. ढाल टाकली तर दोन्ही हातांनी पेलायची थोरली तलवार घेता येते, सहा बाजूंच्या दोन फाशांएवढा मार करणारी. दोन्हींत दंडातल्या जोराचे ३ मिळवू. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. साधी तलवार लागली तर आठातून पाच वेळा तो पडतो. थोरली लागली तर छत्तीसातून तेहेतीस वेळा. वार चुकण्याचा हिशेब धरला तर एका फेरीत गॉब्लिन पडण्याची शक्यता साध्या तलवारीने ढोबळमानाने ३४ टक्के आणि थोरलीने ५०. म्हणजे ढालीने आपल्यावर लागणारे वार पावहिश्श्यानेही घटत नाहीत, उलट थोरल्या तलवारीने पडणारे शत्रू जवळजवळ दीडपट होतात. आणि पडलेला गॉब्लिन कुणालाच मारत नाही, ना आपल्याला ना मागच्या जादूगाराला. असा बचाव कुठल्याही चिलखताच्या आकड्यात दिसत नाही.

मग ढाल टाकूनच द्यायची काय? तसेही नाही. गॉब्लिनऐवजी ओगर, म्हणजे धिप्पाड नरभक्षक राक्षस, समोर ठेवून पाहा. त्याचे हिट पॉइंट ५९. कुठलीही तलवार घेतली तरी तो एका फेरीत पडत नाही. त्याचा एक फटका सरासरी १३ चा, आणि नवख्या लढवय्याचे हिट पॉइंट प्रकृती चांगली असली तरी १२ च्या आसपास. तीन फटक्यांतले दोन त्याला एका दणक्यात आडवे करणार. इथे ढाल अकरा आकड्यांचे नऊ करते आणि बचावाची तालीम नवाचे आठ. राक्षसाच्या प्रत्येक फेरीला तुम्ही उभे राहिलात, तर तेवढी एक फेरी बाकीच्यांना मिळते. थोडक्यात, किरकोळ शत्रूंच्या टोळीपुढे हत्यार भारी, एकट्या दांडग्यापुढे ढाल. शहाणा खेळाडू दोन्ही जवळ बाळगतो. मात्र ढाल हातावर चढवायला किंवा उतरवायला एक अख्खी कृती खर्ची पडते, त्यामुळे निवड दारापाशीच करावी, आत शिरल्यावर नव्हे.

हे सगळे झाले ‘शत्रू आपल्यालाच मारणार’ हे गृहीत धरून. तो कशाला मारील? खेळ चालवणारा जरा चतुर असेल तर त्याचे गॉब्लिन या लोखंडी पेटीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तिला वळसा घालून ते अंगरख्यातल्या जादूगाराकडे धावतात, त्याचे हिट पॉइंट सात नाहीतर आठ. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज एक बाजू लावून धरतो, अगदी नाबाद राहतो, आणि पलीकडून गडी एकामागून एक बाद होत जातात. धावफलक मग त्याच्या नाबादपणाची दखल घेत नाही. तसेच इथे होते. आर्मर क्लास १९ चा, पण कुणाला धाक नसलेला लढवय्या शेवटी एकटाच उभा असतो, आणि टेबलाभोवतीची बाकीची मुले आपापल्या कोऱ्या कागदावर नवे पात्र लिहायला घेतात.

म्हणून लढवय्याचा खरा बचाव त्याच्या उभे राहण्याच्या जागेत असतो असे माझे मत आहे. पाच फुटांच्या दारात तो उभा राहिला तर वळसा घालायला वाटच नाही. उघड्यावर असला तरी त्याच्या तलवारीच्या टप्प्यातून शत्रू निसटू लागला की त्याला फुकटचा एक वार मिळतो. तो वार थोरल्या तलवारीचा असेल तर शत्रू निसटण्यापूर्वी दोनदा विचार करतो. शिवाय ‘बचावा’च्या तालमीऐवजी ‘रक्षणा’ची तालीमही घेता येते. हातात ढाल हवी. शेजारच्या सोबत्यावर वार झाला की ढाल मध्ये घालायची. शत्रूला मग दोन फासे टाकून त्यांतला कमी आकडा घ्यावा लागतो. स्वतःच्या आर्मर क्लासमध्ये एकानेही भर पडत नाही. पानावर ही निवड अगदी फिकी दिसते आणि पुष्कळ नवखे ती सोडून देतात. माझ्या मते ती निदान एकदा घेऊन पाहावी.

आणि काही गोष्टींपुढे पोलादही हतबल असते. निद्रामंत्र पडला की आठ बाजूंचे पाच फासे टाकतात, सरासरी बेरीज साडेबावीस; ज्याचे हिट पॉइंट सर्वांत कमी तो आधी झोपतो, मग त्याच्या वरचा, बेरीज संपेपर्यंत. चिलखत कुणी विचारत नाही. कड्यांच्या चिलखताचे वजन ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो. ते खणखणत चोरपावलांनी जाण्याचा प्रयत्न केला तर तिथेही दोन फाशांतला कमी आकडाच वाट्याला येतो. पहारेकरी झोपेत असताना टोळी निसटू पाहते आणि आपल्याच लढवय्याच्या आवाजाने सापडते, असे प्रसंग टेबलावर नेहमी घडतात. खेळाच्या नियमपुस्तकातच पर्याय दिला आहे. कड्यांचे चिलखत नको असेल तर चामड्याचे घ्या, आणि सोबत लांब पल्ल्याचे धनुष्य व वीस बाण. चपळ पात्राला त्यात आर्मर क्लास १४ पर्यंत मिळतो, आणि दीडशे फुटांवरून नेम धरणाऱ्याला गॉब्लिनची तलवार गाठायला वेळ लागतो.

एवढे करूनही लढवय्या पडतोच कधीतरी. पडला म्हणजे मेला असे मात्र नाही. हिट पॉइंट शून्यावर आले की तो बेशुद्ध होतो, आणि त्याच्या पाळीला खेळाडू फासा टाकतो. दहा किंवा वर आले तर एक खूण जगण्याच्या बाजूला, खाली आले तर मरणाच्या. ज्या बाजूला तीन खुणा आधी होतील तिची सरशी. या वेळी टेबलावर कुणी बोलत नाही. तेरा वर्षांची मुलगी मुठीत फासा हलवत असते, आणि बाकीचे आपापल्या कागदांवर शोधत असतात की तिच्यापर्यंत कोण पोचू शकेल, औषधाची कुपी कुणाच्या पिशवीत उरली आहे, आणि तोवर दारात कोण उभे राहील.