बंदूक हाती येण्याआधी



गावात लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या की चावडीवर एक सूचना हमखास निघते: "पोलीस येईस्तोवर चोर पसार होतो. आपल्याच आठ-दहा पोरांना बंदुका चालवायला शिकवा, म्हणजे मिटलं!" सूचना करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण सामान्य नागरिकाच्या हाती बंदूक द्यायची, तर त्याला काय काय शिकवावं लागतं, याचा विचार सहसा कोणी करत नाही. तो आज आपण करू या.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. जातीय दंग्यांच्या त्या दिवसांत, ६ डिसेंबर १९४६ रोजी, मुंबई प्रांतात होमगार्ड दल उभं राहिलं. तेव्हा मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १९४७ साली दलाचा कायदा झाला. दुकानदार, शेतकरी, कारकून आपापला धंदा सांभाळून त्यात येतात. कवायत, प्रथमोपचार, आग विझवणं, पूरग्रस्तांना मदत, आणि त्याबरोबर रायफल, असं हे शिक्षण असतं.

या कायद्यातली मेख पाहण्यासारखी आहे. होमगार्डला नेमणुकीचा दाखला मिळतो. कामगिरीवर बोलावलं म्हणजे त्याला पोलिसासारखे अधिकार येतात आणि तो लोकसेवक ठरतो. दल सोडताना मात्र दाखला, गणवेश आणि हत्यार परत करावं लागतं. थोडक्यात, बंदूक त्याच्या मालकीची नसते, ती कामगिरीची असते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. आपल्या पायदळात साधारण दहा जणांची एक सेक्शन असते आणि तिचा नायक हवालदार असतो. एवढी लहान तुकडी कशासाठी? तर एका माणसाची हाक सर्वांना ऐकू जावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याला नजरेत ठेवावं म्हणून. पहिले धडे साधेच असतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजावं. नळी माणसाकडे वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर ठेवू नये. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी पाहावं. लहान २२ बोअरची गोळीसुद्धा किलोमीटरभर जाऊन माणसाचा जीव घेऊ शकते. चुकलेली गोळी परत बोलावता येत नाही!

याच्या पुढची पायरी म्हणजे तुकडीने मिळून लढणं: अर्ध्यांनी गोळीबार करायचा, तेवढ्यात अर्ध्यांनी पुढे सरकायचं. ही विद्या रणांगणाची आहे. तिथे समोरचा शत्रू गणवेशावरून ओळखू येतो. गल्लीत तसं नसतं. अंधारात पळणारा चोर असेल, नाहीतर चोराला भिऊन पळणारा शेजारीही असेल.

मी भिवंडीत शिकवतो. यंत्रमागांचं, दाट वस्तीचं हे गाव. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव-महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झालं. पुढे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली माणसं पोलिसांसह एकत्र बसू लागली, नळाच्या भांडणापासून अफवेपर्यंत सगळं बोलू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या शांततेसाठी नागरिकांच्या हाती एकही बंदूक द्यावी लागली नाही. एका मोहल्ल्याने शस्त्रधारी पथक काढलं असतं, तर दुसऱ्याने आठवड्यात काढलं असतं. पण हे काम एकदा करून संपत नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून याच गावात हिंसा झाली आणि दोन पोलीस शिपाई प्राणास मुकले.

कोणी म्हणेल, "परवाना काढला तर?" जरूर काढता येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. २०१६ च्या नियमांत सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरताच. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. शिवाय परवाना माणसाला मिळतो, त्यामुळे गावाचं सैन्य होत नाही.

मग गावाने काय करावं? पोलीस ठाण्याशी बोलून ग्रामरक्षक दल उभं करावं. काठी, शिट्टी, बॅटरी आणि पाळीपाळीची गस्त. गस्तीत प्रत्येक आळीची, प्रत्येक समाजाची माणसं असावीत. ज्यांना शस्त्रशिक्षणाची हौस आहे, त्यांनी होमगार्डमध्ये जावं. शिक्षकबंधूंनी मुलांना १९४८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय छात्रसेनेची वाट दाखवावी.

तिथे मुलगा नेम धरायला शिकेल, हे खरंच. पण हुकूम नसताना बोट आवरायलाही तो तिथेच शिकेल. चावडीवर पुन्हा ती सूचना निघाली, तर एवढंच विचारा: या पोरांना 'थांबा' म्हणणारा कोण, आणि ती त्याचं ऐकतील का? याचं उत्तर मिळेपर्यंत काठी आणि शिट्टी पुरे.