गोदावरीच्या गाळातला विंचू

लक्षद्वीपच्या प्रवाळांमध्ये दगडमासा पडून असतो. अंग खडबडीत, त्यावर शेवाळ. पाणबुड्याची नजर त्याच्यावरून फिरते आणि खडक समजून पुढे जाते. पाय पडला, की पाठीवरचे विषारी काटे तळव्यात शिरतात. दगडमाशासारख्या विंचूमाशांच्या या गोतावळ्याबद्दल वाचताना नांदेड-लातूरकडच्या माणसाला वाटतं, हे सगळं समुद्राचं, आपल्याकडे कुठलं?

आपल्याकडेही आहे! गोदावरीच्या गाळात शिंगी नावाची मासळी राहते. काळपट, बिनखवल्यांची, तोंडाभोवती आठ मिशा. दिवसा ती चिखलात दडते आणि अंधार पडला की मिशांनी चाचपत भक्ष्य शोधते. तिचं शस्त्र छातीच्या दोन परांत: प्रत्येकात एक टणक काटा. धोका जाणवला की ती काटे आडवे ताणते आणि सांध्यात असे अडकवते, की दाबले तरी मिटत नाहीत. जाळं सोडवताना काटा बोटात घुसला, की त्यावरची पातळ कातडी फाटते आणि खालच्या पेशींतलं विष जखमेत उतरतं. नागासारखे विष ढकलणारे स्नायू तिच्याकडे नाहीत. दाबणाऱ्याचाच जोर तिला पुरतो. दगडमाशाचंही तसंच. दोघांचंही विष शिकारीसाठी नाही, निव्वळ बचावासाठी आहे. ते प्रथिनांचं असल्याने उष्णतेने मोडतं, म्हणून दोन्ही दंशांवर पहिला उपाय एकच: सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात हात-पाय बुडवायचा आणि मग दवाखाना गाठायचा.

मला थक्क करतं ते पुढचं. या दोघांचं जवळचं नातं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार माशांमध्ये विष एकदाच नव्हे, तब्बल १८ वेळा स्वतंत्रपणे उपजलं. विषारी माशांत सर्वाधिक भरणा शिंगीसारख्या मिशाळ माशांचाच: निदान १,२५० जाती. प्रवाळातले देखणे मासे त्यामानाने थोडे.

शिंगीची आणखी एक करामत. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीतून दोन लांब हवापिशव्या कण्याच्या कडेने शेपटीकडे जातात. पाण्यातला प्राणवायू संपत आला, की ती वर येऊन हवा गिळते. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा दुष्काळी उन्हाळ्यात जिथे डोह आक्रसून गढूळ थारोळं उरतं, तिथे इतर माशांचा जीव गुदमरत असताना शिंगी तग धरू शकते, काटे शाबूत ठेवून.