माजघरांतला धूर

गेल्या हिंवाळ्यांत एका बारशाच्या निमित्तानें आम्हांस शिरूर तालुक्यांतील कारेगांवास जाण्याचा योग आला. पुण्याहून नगरच्या रस्त्यानें रांजणगांवच्या महागणपतीचें दर्शन घेऊन थोडें पुढें गेलें कीं हें गांव लागतें. ज्यांनीं तें चाळीस वर्षांपूर्वीं पाहिलें असेल त्यांस आज तें ओळखूं येणार नाहीं. शेजारीं औद्योगिक वसाहत उभी राहिली, दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें पोटासाठीं आलीं, आणि शेतांच्या कडेनें भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उठल्या. अशा एका खोलींत नवराबायको, स्वयंपाक, अंथरूण आणि पाळीवरून परतलेल्या पुरुषाची विडी हीं सर्व दहा हातांच्या आंत नांदतात.

आमच्या यजमानांचें बिऱ्हाड त्याहून ऐसपैस होतें. मुलगा कारखान्यांत इंजिनियर, वडील निवृत्त शिक्षक, घरांत पुस्तकें, देव्हारा, सर्व कांहीं आपल्या वाचकांच्या घरासारखें. बाळ जन्मलें तेव्हां दोन हजार तीनशें ग्रॅम भरलें होतें. बारशाच्या गडबडींत बाळाची आई हळूच म्हणाली, "मामंजी सिगारेट पेटवीत तेव्हां मी वाळत घातलेले कपडे आणावयास जिन्यावर जाई. सातव्या महिन्यांत कपडे दिवसांतून सहा वेळां आणले." आम्हीं विचारलें, त्यांना सांगितलें कां नाहीं? ती हंसली. ज्यांच्यासमोर मोठ्यानें बोलावयाचें नाहीं असें लहानपणापासून शिकविलें, त्यांस "हें विझवा" म्हणून कोणत्या तोंडानें सांगावें? नवऱ्यास सांगून पाहिलें, तर तो म्हणाला, "बाबा खिडकीशींच तर बसतात."

या एका बाळाचें वजन त्या सिगारेटीमुळेंच कमी भरलें असें आम्ही म्हणत नाहीं. आईचें रक्त कमी असणें, आहार अपुरा पडणें, दिवस पुरे होण्यापूर्वीं प्रसूति होणें अशीं अनेक कारणें असतात, आणि कोणाही एका मुलावरून निदान करणें हें शास्त्रास धरून नाहीं. परंतु हजारों मुलांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे जें दिसतें तें नाकारतां येत नाहीं.

अमेरिकेंतील सिंप्सन या डॉक्टरांनीं १९५७ सालीं प्रथम दाखविलें कीं धूम्रपान करणाऱ्या मातांच्या पोटीं लहान मुलें अधिक जन्मतात. तें वाचून आमच्याकडील सुशिक्षितांस हायसें वाटलें असल्यास नवल नाहीं, कारण आपल्या घरच्या स्त्रिया कोठें ओढतात? पुढें १९८१ मध्यें जपानच्या हिरायामांनीं ब्याण्णव हजारांच्या आसपास, स्वतः कधीं न ओढणाऱ्या विवाहित स्त्रियांच्या चौदा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि नवऱ्याच्या सिगारेटीनें बायकोस फुप्फुसाचा कर्करोग होतो हें जगापुढें आलें. तेव्हांपासून दुसऱ्याच्या धुराचा प्रश्न गंभीरपणें घेतला जाऊं लागला. गर्भवतीविषयीं पुढें झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहतां असें आढळलें कीं घरांत दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्या मातेचें मूल सरासरीनें तीस-चाळीस ग्रॅमनीं हलकें भरतें, आणि मृत मूल जन्मण्याचा धोकाही वाढतो.

तीस-चाळीस ग्रॅम म्हणजे वाटींत घातली तर तळ झांकेल न झांकेल इतकी साखर. तेवढ्यासाठीं एवढा गवगवा कां, असें कोणी म्हणेल. पण ही सरासरी आहे. एखाद्या मुलाचें कांहींच कमी होत नाहीं, तर एखाद्याचें बरेंच होतें. शिवाय आपल्या देशांत ज्यांच्या वजनाची नोंद झाली अशा मुलांपैकीं शंभरांत सुमारें अठरा मुलें अडीच हजार ग्रॅमच्या खालीं भरतात, असें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दिसून आलें. जें मूल या रेघेवरच उभें आहे त्यास खालीं ढकलण्यास वाटीच्या तळाएवढी साखर पुरते. असें मूल लवकर गार पडतें, स्तनास नीट ओढून पीत नाहीं, आणि साध्या संसर्गानेंही हैराण होतें.

हें घडतें कसें, तें समजून घेण्याजोगें आहे. पेटलेल्या विडीच्या टोंकाचा धूर ओढणाराच्या छातींतून गाळून येत नाहीं. तो सरळ खोलींत पसरतो, आणि त्यांतील कित्येक विषारी द्रव्यांचें प्रमाण ओढलेल्या धुराहून अधिक असतें. त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला वायु असतो. रक्तांतील हिमोग्लोबिनास प्राणवायूहून दोनशें पटींनीं अधिक त्याची ओढ असते; तो एकदां चिकटला कीं प्राणवायूस जागा उरत नाहीं. गर्भाचें रक्त तर त्यास आईच्या रक्ताहूनही घट्ट धरून ठेवतें. निकोटीनानें वारेंतील रक्तवाहिन्या आंखडतात आणि गर्भाकडे जाणारें पोषण उणावतें. स्वतः न ओढणाऱ्या मातांच्या नवजात मुलांच्या मूत्रांतही निकोटीनापासून होणारें द्रव्य सांपडतें. जें मूल अजून जगांत आलें नाहीं त्याच्या अंगांत आजोबांची सिगारेट पोंचलेली असते, हें ऐकून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों.

महाराष्ट्रांत ओढणारांची संख्या फार नाहीं, हें खरें. २०१६-१७ च्या पाहणींत प्रौढांपैकीं शंभरांत चारांहूनही कमी लोक ओढणारे आढळले. तंबाखू खाणारे व मिश्री लावणारे मिळून मात्र चोवीस. पण घर भरून टाकण्यास एकच ओढणारा पुरतो, म्हणूनच त्याच पाहणींत देशांतील शंभरांपैकीं अडतीस-एकोणचाळीस प्रौढांनीं घरांत दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असें सांगितलें. मिश्रीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतों: मुंबईंत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२१७ गर्भवतींवर नजर ठेवून २००४ मध्यें असें दाखविलें कीं तंबाखू तोंडांत धरणाऱ्या वा मिश्री लावणाऱ्या स्त्रियांचीं मुलें सरासरीनें १०५ ग्रॅमनीं हलकीं होतीं. मिश्री भाजतांना तव्यावरून उठणारा खाट तर शेजारणीलाही ठसका आणतो.

कायद्यानें आपलें काम बरेंचसें केलें आहे. मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २००१ मध्यें सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास बंदी केली. २००३ मध्यें कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कचेऱ्या, उपाहारगृहें यांच्यासाठींही कडक नियम लागू झाले. आतां कारखान्याच्या दारांत विडी पेटविणाराला दंड होऊं शकतो. तोच मनुष्य घरीं येऊन पाळण्याशेजारीं पेटवितो तेव्हां त्यास विचारणारा कोणी नाहीं. कायदा उंबऱ्याशीं थांबतो, आणि तेथून पुढें बोलण्याचा अधिकार ज्या स्त्रीच्या पोटांत तें मूल आहे तिला सर्वांत कमी!

याच तालुक्यांत वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७२ पासून ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. गांवांतील बायकांशीं बोलावयाचें तर गांवचींच माणसें तयार केलीं पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें होतें. आज आशा कार्यकर्त्या दारोदार जाऊन गर्भवतीस लोहाच्या गोळ्या, तपासण्या, आहार सर्व समजावून देतात. पण त्या बोलतात सुनेशीं. ओढणारा बहुधा बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत असतो. आमच्या मतें हें बोलणें त्याच्याशीं व्हावयास हवें, आणि तें नवऱ्यानें करावें. बायकोनें जिन्यावर पळून जाणें हा उपाय नव्हे. नवरा स्वतःच ओढणारा असेल तर निदान त्यानें वडिलांचा आडोसा घेऊं नये.

खिडकी उघडून भागत नाहीं. पंखा धूर फिरवितो, घालवीत नाहीं. बाहेर जाऊन ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांत, केंसांत, हातांवर धुराचा अंश राहतो. त्यानें हात धुवून, सदरा बदलून मगच बाळास घ्यावें. जन्मानंतर धुरांत वाढणाऱ्या अर्भकास न्युमोनिया, कानाचे विकार, दमा यांचा, आणि झोंपेंत अकस्मात् मृत्यु येण्याचाही धोका अधिक असतो.

येथें आमच्या वडीलधाऱ्या वाचकभगिनींशीं एक नाजुक गोष्ट बोलावयाची आहे. बाळंतिणीच्या खाटेखालीं शेगडी ठेवून ओंवा, बाळंतशोपा, लसणीचीं सालें यांची धुरी देण्याची आपली चाल आहे. ती मायेनें चालत आली, यांत शंका नाहीं. परंतु दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत निखाऱ्यांतून तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि ओंव्याच्या सुवासानें त्याचा गुण बदलत नाहीं. बाळास ऊब हवी ती आईच्या उघड्या छातीशीं धरून, टोपडें व दुपटें घालून मिळते. ओंवा आईच्या पोटांत जावा, बाळाच्या छातींत नव्हे.

कारेगांवच्या त्या घरीं हें बोलणें शेवटीं सासूबाईंनींच पुरें केलें. बारशाची पंगत उठल्यावर त्यांनीं मामंजींची वेताची खुर्ची आणि राखेची वाटी उचलून अंगणांतल्या कडुलिंबाखालीं नेऊन ठेवली. सुनेकडे पाहिलें नाहीं, मुलाकडेही नाहीं. मामंजींनीं दारांतून विचारलें, "आणि पावसाळ्यांत?"

"छत्री आहे ना," त्या म्हणाल्या, आणि पाळण्याची दोरी हातांत घेतली.