दिवाळीच्या किल्ल्यावर ड्रॅगन उतरवा!

अंगणात माती-विटांचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरणाऱ्या प्रत्येकाला मिनिएचर वॉरगेमिंग आधीच अर्धं येतं! फक्त मावळ्यांच्या जागी एल्फ, ऑर्क किंवा अंतराळसैनिक येतात आणि ते खरोखर लढतात. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्येच ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. ‘वॉरहॅमर’ हा असाच खेळ आला 1983 मध्ये, त्याचा विज्ञानकथेतला अवतार ‘वॉरहॅमर 40,000’ 1987 मध्ये.

पुतळे साधारण 28 मिलिमीटरचे. चाल इंचपट्टीने मोजायची, नेम लागला का ते फासे ठरवतात. महाग वाटतंय? ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम फुकट आहेत, पुठ्ठ्याच्या सैनिकांवर सुरुवात करा.

पालघर-बोईसरकरांनो, एक कळकळीची सूचना: पुतळे रंगवण्याआधी मारायचा स्प्रे प्रायमर आपल्या दमट हवेत खरखरीत बसतो. पावसाळ्यात ब्रशनेच प्रायमर लावा.

आणि रणभूमी? तारापूरचा किल्ला! 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. यंदा थर्माकोलचा तारापूर करतोय, तटावर ऑर्क, खाली माझी फौज. तुमचा किल्ला कोणता?