राईतले दोन तास

कोपनहेगनची असिस्टन्स दफनभूमी १७६० सालची. परीकथाकार हान्स अँडरसन तिथेच चिरनिद्रा घेतो आहे. आज तिथल्या झाडांखाली माणसं फिरतात, वाचत बसतात. मृतांविषयीच्या आदरामुळे शहराच्या पोटातली हिरवाई टिकली.

आपल्याकडे हेच काम देवरायांनी केलं. राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या जंगलातलं उगवाई देवीचं ठाणं आठवा. देवाच्या राईत कुऱ्हाड चालवायची नाही, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा राया अभ्यासून त्यांचं मोल जगापुढे मांडलं.

अशा जागी मन का निवतं? काम, रहदारी, मोबाइल यांत लक्ष सतत ताणून धरावं लागतं आणि मेंदू शिणतो. पानांची सळसळ, पाखरांची साद मात्र लक्ष अलगद वेधतात, त्यासाठी जोर लावावा लागत नाही. तेवढ्यात शिणलेल्या मेंदूला उसंत मिळते, असं मानसशास्त्रज्ञ स्टीफन आणि रेचल कॅप्लन यांनी मांडलं. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. हे दोन तास सलग असोत वा तुकड्यातुकड्यांनी, फरक दिसला नाही. अर्थात, निरोगी माणसं मुळातच जास्त फिरत असतील, हेही ध्यानात ठेवावं. आणि निसर्गात मन निवलं, तरी नैराश्यावर डॉक्टरांचे उपचार हवेतच.

म्हणून गावची राई, स्मशानाकाठची जुनी झाडं तोडून तिथे काँक्रीट ओतण्याआधी ग्रामसभेत हा दोन तासांचा हिशेब जरूर मांडा.