कॅटोनाचे जे घराणे

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, वेस्टचेस्टर कौंटीतल्या कॅटोना गावी, अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांचे घर आहे. लाकडी फळ्यांच्या भिंती, पुढे लांब ओसरी, भोवती शेत. एवढ्या मोठ्या माणसाचे घर इतके साधे पाहून नवल वाटते.

ही जमीन आजोळची. आई मेरी व्हॅन कॉर्टलँट या बड्या डच घराण्यातली. वडिलांकडचे पूर्वज धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेले प्रॉटेस्टंट. 1774 मध्ये जे यांचा विवाह सारा लिव्हिंग्स्टन हिच्याशी झाला. सासरे विल्यम लिव्हिंग्स्टन पुढे न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले, तर मेहुणा ब्रॉकहोल्स्ट पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. जे यांनी 1783 च्या पॅरिस तहावर सही केली आणि 1789 ते 1795 सरन्यायाधीशपद सांभाळले. त्यांनी 1794 मध्ये ब्रिटनशी केलेल्या करारात तर हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांशी अमेरिकी जहाजांना व्यापाराची मुभा देणारे कलमही होते.

न्यूयॉर्कचे गव्हर्नरपद संपत आले असताना राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी त्यांना न विचारताच पुन्हा सरन्यायाधीश नेमले. जे यांनी नकार दिला आणि 1801 मध्ये ते इथे राहायला आले. साराबरोबर निवांत संसार करायचा, एवढीच इच्छा होती. 1802 च्या मे महिन्यात सारा गेली. पुढची सत्तावीस वर्षे, 1829 मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते याच घरात राहिले. दुसरे लग्न केले नाही.

या घराण्याचा खरा इतिहास मात्र गुलामगिरीच्या प्रश्नाशी बांधलेला आहे, आणि तो सुखाचा नाही. 1785 मध्ये न्यूयॉर्कमधल्या गुलाममुक्ती संस्थेचे पहिले अध्यक्ष झालेले जे स्वतः गुलामांचे मालक होते. अ‍ॅबिगेल नावाच्या गुलाम बाईला जे दांपत्य युरोपात घेऊन गेले होते. 1783 मध्ये पॅरिसमध्ये ती घरातून पळाली, पकडली गेली, तुरुंगात आजारी पडली आणि सुटकेनंतर लवकरच वारली. जे यांच्या कर्तृत्वाची यादी वाचताना तिचे नाव वगळणे अन्यायाचे ठरेल.

गव्हर्नर म्हणून त्यांनी 1799 मध्ये मुक्तीच्या कायद्यावर सही केली, पण तो फार सावकाश चालणारा होता. त्या वर्षीच्या 4 जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल कायद्याने मुक्त. तरी मुलाने 28 आणि मुलीने 25 वर्षांपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचे. आधी जन्मलेल्यांना त्यातून काहीच मिळाले नाही. राज्यातली गुलामगिरी संपायला 1827 उजाडले.

वडिलांचा सबुरीचा मार्ग धाकट्या मुलाने, विल्यमने सोडला. तोही न्यायाधीश, आणि हे घर त्याच्याच वाट्याला आले. गुलामगिरीविरुद्ध तो उघडपणे लिहीत राहिला आणि त्यापायी 1843 मध्ये त्याला न्यायाधीशपद गमवावे लागले. त्याचा मुलगा, आजोबांचेच नाव धारण करणारा जॉन, वकील झाला. पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने तो न्यूयॉर्कच्या कोर्टांत उभा राहिला. पुढे ऑस्ट्रिया-हंगेरीत अमेरिकेचा राजदूतही झाला.

पाच पिढ्या नांदल्यावर 1958 मध्ये कौंटीने ही वास्तू विकत घेतली, आणि आता ती न्यूयॉर्क राज्याचे ऐतिहासिक स्थळ आहे. जे यांची समाधी मात्र इथे नाही. ती त्याच कौंटीतल्या राय गावी आहे. त्यांचे बालपण तिथे गेले, आणि थोरला मुलगा पीटर ऑगस्टस याने 1838 मध्ये बांधलेला वाडाही तिथेच उभा आहे.